प्रबंध, तासिका आणि सततची धास्ती: मेळ कसा घालावा?

वाचनखूण (बीड जिल्हा)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नेमणूक नसताना घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, मराठी शिकवते. सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे आणि पीएच.डी.च्या नोंदणीला तीन वर्षे होऊन गेली आहेत. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू केलेल्या ‘स्त्री’ मासिकाच्या पहिल्या दशकात स्त्रियांनी लिहिलेली कथा हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. विषय मी स्वतः निवडला, तो मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच सध्या माझे जे होते आहे त्याचा अर्थ मला लागत नाही.

आठवड्यातले चार दिवस सकाळी तास असतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलला आहे, त्यामुळे जुन्या टिपणांवर भागत नाही. आमच्या भागातील काही मुलेमुली दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि परीक्षेच्या तोंडावर परततात. त्यांच्यासाठी मी वेगळे बसते. त्याचे मानधन मिळत नाही, पण ती मुले शिकावीत असे मला फार वाटते आणि ते काम सोडण्याचा विचार माझ्या मनात कधी येत नाही. शिवाय अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या आहेत, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली आहेत, आणि घरी लहान मुलगा आहे.

शिकवत असताना प्रबंध मागे पडत चालल्याची टोचणी असते, आणि रात्री मुलगा झोपल्यावर नोंदी घेऊन बसले की उद्याच्या तासाची तयारी राहिली असे वाटू लागते. एकाही कामात मन पूर्णपणे लागत नाही. सहामाही सादरीकरण जवळ आले की झोप उडते. गेल्या सत्रात प्रबंधाची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीसमोर जाण्याच्या आदल्या रात्री छातीत इतके धडधडू लागले आणि हातापायांना इतका घाम सुटला की हृदयाचेच काही असावे म्हणून घरच्यांनी दवाखान्यात नेले. ईसीजी व्यवस्थित निघाला. “टेन्शन घेऊ नका” असे सांगून डॉक्टरांनी घरी पाठवले. तेव्हापासून दुसऱ्या प्रकरणाची फाइल उघडायला हात धजावत नाही. मार्गदर्शकांचा फोन आला की तो उचलण्याआधीच घसा कोरडा पडतो, वास्तविक ते माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेले नाहीत.

एक वर्ष तासिका सोडून प्रबंध हातावेगळा करावा का? सोडल्यास पुढच्या वर्षी त्या मिळतीलच असे नाही. दुसरे म्हणजे, याला कामाचा ताण म्हणायचे की हा आजार आहे? आणि हे मार्गदर्शकांना सांगावे का, की सांगितल्याने ‘हिला झेपत नाही’ असा त्यांचा ग्रह होईल? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना फळा (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

आपला प्रश्न दोनदा वाचला. आजाराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, ते जाणकारांनी सांगावे. संशोधन आणि अध्यापन यांच्या मेळाविषयी मात्र मी अनुभवाने बोलू शकतो, कारण माझे स्वतःचे संशोधन नोकरी सांभाळूनच झाले आणि पुढे माझ्याकडे आलेले बहुतेक विद्यार्थीही शिकवणारेच होते.

शिकवणे सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. जे चार तास हातात येतील असे वाटते ते प्रबंधाकडे जातीलच याची खात्री नसते. आपल्या पत्रावरून दिसते ते असे की अडचण वेळेच्या एकूण बेरजेपेक्षा त्याच्या जातीची आहे. साहित्याच्या संशोधनात, त्यातही नियतकालिकांवरच्या कामात, निरनिराळ्या प्रकारची मेहनत लागते आणि प्रत्येकीची वेळेची भूक वेगळी असते. जुने अंक शोधणे आणि चाळणे याला सलग दिवस हवेत. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय गाठायचे तर ते दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीतच शक्य आहे. नोंदी लावणे, याद्या करणे, दोन अंकांतील मजकूर ताडून पाहणे ही कामे अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांतही होतात आणि थकलेल्या डोक्यानेही करता येतात. प्रत्यक्ष लेखन मात्र ताज्या डोक्यानेच करावे लागते. आपण दिवसभर शिकवून, घर आवरून, रात्री मूल झोपल्यावर लेखनाला बसता, म्हणजे सर्वांत अवघड काम सर्वांत थकलेल्या वेळी करू पाहता. तिथे वाक्य सुचले नाही तर त्यात आपल्या कुवतीचा काही दोष नाही.

म्हणून रात्री केवळ नोंदी पाहाव्यात. लेखनासाठी ज्या तीन दिवशी तास नाहीत त्यांपैकी एका सकाळचा तास-दीड तास धरावा, घरच्यांना तो सांगून ठेवावा आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. आठवड्याला एवढेच लेखन झाले तरी सत्राच्या शेवटी एका प्रकरणाचा कच्चा खर्डा उभा राहतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

नोंदीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण संशोधकाची पुष्कळशी धास्ती अव्यवस्थित नोंदींतून जन्म घेते आणि याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. वाचनालयातील बांधीव खंड हातात येतात तेव्हा बांधणाऱ्याने मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बहुधा काढून टाकलेली असतात, कडा छाटताना कुठे पृष्ठांकही गेलेला असतो. घाईने मोबाईलवर शेकडो छायाचित्रे काढून घरी आलो की महिन्याभराने कोणते पान कोणत्या अंकातले हे कळत नाही, आणि मग आपल्या हाती काहीच नाही असे वाटू लागते. त्यासाठी प्रत्येक अंकाचे पहिले छायाचित्र महिना आणि वर्ष दिसेल असे घ्यावे, आणि त्याच संध्याकाळी मुक्कामी बसून प्रत्येक कथेची एक नोंद करावी: लेखिकेचे नाव जसे छापले आहे अगदी तसे, अंक, पृष्ठे, कथेचे पहिले वाक्य, शेवट काय होतो ते दोन ओळींत, आणि आपले मत निराळ्या रंगाच्या शाईने. नाव जसेच्या तसे लिहिण्याचा आग्रह आपल्या विषयात फारच महत्त्वाचा आहे. त्या काळातील लेखिका कधी माहेरच्या नावाने, कधी सासरच्या, कधी टोपणनावाने लिहीत. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने १९३३ साली कथासंग्रह आला तेव्हा केवढे वादळ उठले, आणि बाळूताई खरे म्हणजेच पुढच्या मालती बेडेकर या त्या नावामागे आहेत हे जगजाहीर व्हायला बरीच वर्षे जावी लागली. एवढ्या गाजलेल्या लेखिकेची ही गोष्ट, तर ज्यांच्या दोन-तीनच कथा छापून आल्या त्यांचा माग लागणे किती कठीण असेल. सगळ्या लेखिका सापडणार नाहीत. प्रबंधात तसे लिहिता येते, आणि न सापडलेल्या नावांची यादीही पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगाची असते.

आता वर्गाविषयी. एका वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात मी तीसच्या दशकातील एका मासिकातली कथा वाचून दाखवली. कथा संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ही बाई मासिक वाचायची कुठं? घरात सगळ्यांदेखत, का माडीवर जाऊन?” मी तोवर त्या कथांचे विषय, भाषा, शेवट यांचा विचार करत होतो, वाचणारी बाई कुठे बसून वाचते हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. त्या एका प्रश्नामुळे वर्गणी कुणाच्या नावाने भरली जाई, अंक पोस्टाने घरी येई की वाचनालयातून, तो घरात आधी कोण उघडी, यांवर माझ्या एका विद्यार्थ्याने पुढे स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्या वर्गात तर ऊसतोडीवरून परतलेल्या मुली आहेत. बाईचे कष्ट, पैसा, लग्नाचे वय या गोष्टी त्या कथांत कशा येतात आणि कशा टाळल्या जातात, हे त्यांच्याइतके चटकन कुणाला दिसेल? सत्रातून एखादी कथा त्यांना वाचून दाखवा आणि त्या जे बोलतील ते वर्ग सुटताच टिपून ठेवा. तो तास मग दोन्ही खात्यांत जमा होतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सरांच्या लेखनातले नोंदींविषयीचे सर्व काही मला मान्य आहे आणि मी स्वतः ते वापरणार आहे. परंतु एका बाबतीत आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. सर पूर्णवेळ, पगारी नोकरीत होते. मी तासिका तत्त्वावर बरीच वर्षे काढली आहेत. आमच्या बाबतीत उन्हाळ्याची सुटी म्हणजे मानधन नसलेले महिने. झालेल्या तासांचे मानधनही बिले मंजूर होऊन हातात पडेपर्यंत पुष्कळदा पुढचे सत्र उजाडते. अशा वेळी पुण्या-मुंबईला आठ दिवस राहून जुने अंक पाहायचे तर राहण्या-जेवण्याचा खर्च कुठून आणायचा? ताईंची धास्ती ही केवळ मनाची कमजोरी किंवा नियोजनाचा अभाव मानली तर त्यांच्यावर अन्याय होईल. ज्याला जूनमध्ये काम मिळेल की नाही हे मेमध्ये माहीत नसते त्याला रात्री झोप न लागणे यात आश्चर्य नाही. हे आधी स्वतःशी मान्य केले की स्वतःला दूषणे देणे तरी थांबते, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांची निम्मी शक्ती त्या दूषणांतच जाते.

काही भीती मात्र माहितीच्या अभावी मोठी झालेली असते, म्हणून नियमांविषयी लिहितो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्री संशोधकांना त्याहीवर दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ताईंची तीनच वर्षे झाली आहेत. याचा अर्थ कितीही लांबवावे असा नाही, पण दार बंद व्हायला आले आहे ही जी भावना आहे तिला नियमांत आधार नाही. आपली नोंदणी कोणत्या नियमावलीखाली आहे हे नोंदणीपत्रावर पाहावे आणि विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून मुदतीची तारीख लेखी घ्यावी.

दुसरी भीती शोधनिबंधांची. २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे बंधनकारक होते. २०२२ च्या नियमावलीत आयोगाने ती अट ठेवलेली नाही, मात्र काही विद्यापीठे आपापल्या पातळीवर अपेक्षा ठेवतात, तेव्हा तेही विचारून घ्यावे. आयोगाची मान्य संशोधन नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली आहे. त्यामुळे ‘केअर यादीतील नियतकालिक’ म्हणून आजही पैसे मागणारे कुणी संदेश पाठवत असेल तर तिकडे ढुंकूनही पाहू नये. भीतीपोटी अशा ठिकाणी दोन-तीन महिन्यांचे मानधन घालवलेले सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या निबंधांचे पुढे काही झाले नाही. आपला निबंध चांगला असेल तर जाणकार संपादक असलेले साधे वाङ्मयीन त्रैमासिकही पुरेसे आहे, कारण तिथे तो कुणीतरी वाचतो.

तिसरी गोष्ट नोकरीची. महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट ही किमान अर्हता पुरते, हे २०२३ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले आहे. सेट तुमच्याकडे आहे. निवडीच्या गुणांकनात पीएच.डी.ला वजन असते हे खरे, परंतु प्रबंध रखडला म्हणजे अर्जच करता येणार नाही असे नाही. हे कळल्यावर माझ्या स्वतःच्या मनावरचा मोठा भार उतरला होता.

तासिका सोडण्याविषयी मीही सरांच्याच बाजूचा आहे, पण कारण वेगळे आहे: अनुभवाच्या प्रमाणपत्रात खंड पडतो. त्याऐवजी प्राचार्यांना भेटून चार दिवसांचे तास तीन दिवसांत बसवून मागावेत. वेळापत्रक जूनमध्ये ठरते, त्यामुळे मे महिन्यातच भेटावे. नॅकच्या फायलींचे काम तासिकेच्या नेमणुकीत धरलेले नसते. ते सरळ नाकारणे अवघड असते हे मी जाणतो, तरी ‘सादरीकरणानंतर करते’ एवढे म्हणता येते. आणि झालेल्या प्रत्येक तासाची नोंद दिनांकासह स्वतःजवळ ठेवावी, कारण बिलावरून वाद झाला तर दुसरे काही कामी येत नाही.

निशिगंध (पुणे)

वाचनखूण, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही वर्णन केलेली ती रात्र माझ्या ओळखीची आहे. मी मध्ययुगीन गद्यावर काम करत असताना, मौखिकीच्या, म्हणजे प्रबंधावरील तोंडी परीक्षेच्या, काही महिने आधीपासून, मला तसेच झटके येऊ लागले होते. अचानक धडधड, घाम, श्वास पुरत नाही असे वाटणे, आता मरणार अशी खात्री, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळे ओसरणे. हे एकदा झाले की पुन्हा होईल या भीतीने माणूस ती जागा, ती वस्तू, तो माणूस टाळू लागतो. मी वाचनालयात जाणे टाळू लागले, तुम्ही फाइल टाळता आहात. टाळल्याने त्या दिवसापुरते हायसे वाटते आणि म्हणूनच भीती पक्की होत जाते, हे मला माझ्या समुपदेशक बाईंनी समजावले. तोवर मी त्याला आळस समजून स्वतःला बोल लावत होते.

ताण आणि आजार यांतली रेघ आपली आपण ओढू नये, ते काम डॉक्टरांचे आहे. तरीही ढोबळपणे एवढे पाहता येते की काम संपल्यावर किंवा सुटीत मन निवते का. निवत असेल तर तो ताण असण्याची शक्यता जास्त. झोप, भूक आणि रोजची कामे आठवडेच्या आठवडे बिघडलेली असतील, आणि ज्याचे कारण उरलेले नाही त्याचीही भीती वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. तुमच्या पत्रातले फोनचे वर्णन, ते सर कधी रागावत नाहीत तरी घसा कोरडा पडतो, हे वाचून तुम्ही दाखवावे असे मला वाटते. सुरुवातीला थायरॉईड आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासायला सांगतात, कारण थायरॉईडच्या बिघाडात आणि रक्तक्षयात अशीच धडधड होऊ शकते. ती तपासणी तालुक्याच्या गावीही होते.

खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी आणि औषधांची सोय असते. तिथे जाण्याचे धैर्य होईपर्यंत ‘टेली मानस’ या शासकीय सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ती दिवसरात्र चालू असते, फोनसाठी पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. फोनवरचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो, आणि लहान गावात राहणाऱ्या शिक्षिकेला त्याचा किती आधार वाटतो हे मी समजू शकते. गावात कुणी पाहिले तर विद्यार्थी काय म्हणतील, हा विचार मीही केला होता.

मला गोळ्या आणि समुपदेशन असे दोन्ही लागले. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे गेले, पहिल्या काही दिवसांत तर मळमळ होऊन उलट जास्तच अस्वस्थ वाटले आणि त्या सोडून द्याव्या असे वाटले, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलेले असल्यामुळे मी टिकले. बरे वाटू लागले म्हणून त्या एकाएकी बंद करायच्या नसतात. गोळ्यांनी वाचन मंदावेल, भाषेची धार जाईल, अशी भीती साहित्यात काम करणाऱ्यांना हमखास वाटते. माझ्या बाबतीत तसे झाले नाही. झोप परत आल्यावर वाचलेले लक्षात राहू लागले. सर्वांचा अनुभव सारखा नसतो, म्हणून जे काही वाटेल ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

समुपदेशनात जे काम झाले त्यातले एक सांगते. फाइल उघडायची आणि काहीही न लिहिता फक्त एक पान वाचून बंद करायची, एवढाच पहिल्या आठवड्याचा अभ्यास होता. दुसऱ्या आठवड्यात त्या पानातील संदर्भ दुरुस्त करायचे. मी म्हटले होते, “एवढ्याने प्रबंध कसा होणार?” बाई म्हणाल्या, “सध्या प्रबंध करायचा नाहीये, फाइलपाशी बसायचं आहे.” सरांनी सुचवलेले सकाळचे लेखन योग्यच आहे, पण जोवर फाइलची भीती आहे तोवर त्या सकाळी लेखनाची अपेक्षा ठेवू नये, असे मी त्याला जोडते.

वाचनखूण (बीड जिल्हा)

आपण तिघांनी जे लिहिले ते वाचून पुष्कळ धीर आला. निशिगंध, मी काल रात्री १४४१६ वर बोलले. पलीकडच्या बाईंनी घाई न करता सगळे ऐकून घेतले आणि जिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगितले. थायरॉईडची तपासणी उद्या करते आहे. कृष्णाकाठ, नोंदणीपत्र काढून पाहिले. माझी नोंदणी २०२२ च्या नियमावलीखालीच आहे, आणि स्त्रियांसाठीच्या सवलतीविषयी मला आजवर कुणी सांगितलेले नव्हते.

आता दोनच गोष्टी विचारते. संपूर्ण दशकाऐवजी १९३० ते १९३५ एवढाच काळ घेतला तर विषय फार लहान होईल का? आणि मार्गदर्शकांना कशा शब्दांत सांगावे?

जुना फळा (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

कृष्णाकाठ यांनी सुटीतील मानधनाविषयी जे लिहिले ते रास्त आहे. माझ्या सल्ल्यात तो खर्च धरलेला नव्हता, म्हणून त्यातून निघणारा मार्गही खाली देतो.

काळ कमी करणे पूर्णपणे योग्य आहे. मासिक मासिकच असल्यामुळे पाच-सहा वर्षांत साठ-सत्तर अंक होतात, आणि प्रत्येक अंकात स्त्रियांच्या एक-दोन कथा धरल्या तरी बारकाईने वाचायला ती सामग्री भरपूर आहे. शिवाय त्या काळाला आतून एक आकार आहे. नवे मासिक आपला वाचक घडवते आहे, लेखिका मिळवते आहे, आणि बरोबर मध्यावर ‘विभावरी शिरूरकर’ यांच्या संग्रहाचा वाद येतो. त्या वादाच्या आधीची आणि नंतरची कथा यांत काही फरक पडतो का, असा एक ठाम प्रश्न धरला तर प्रबंधाला कणा मिळेल. दशकभराचे सर्वेक्षण करताना असा प्रश्न हाती लागतोच असे नाही. शीर्षकातील बदलासाठी संशोधन सल्लागार समितीची शिफारस आणि विद्यापीठाची मान्यता लागेल. येत्या सादरीकरणातच तो मांडावा, म्हणजे समितीपुढे संपूर्ण प्रकरण नेण्याचीही गरज उरणार नाही. सुधारित आराखडा, हाती असलेल्या कथांची यादी आणि न मिळालेल्या अंकांची यादी एवढे कागद सादरीकरणाला पुरेसे होतात.

मार्गदर्शकांना समक्ष भेटून सांगा, फोनवर नको. मी मार्गदर्शक असताना विद्यार्थी महिनोन् महिने दिसेनासा झाला की त्याला विषयात रस राहिला नाही असेच मला वाटे. प्रकृतीचे कारण त्याने सांगितले की माझा ग्रह चांगलाच होई, कारण मग मला काय करता येईल ते कळे. सगळा तपशील सांगण्याची गरज नाही. “सर, गेले काही महिने मला चिंतेचा त्रास होतो आहे, उपचार सुरू करते आहे, फाइल उघडणेही जड जात होते. काळ कमी करून सुधारित आराखडा आणला आहे, तो आपण पाहावा,” एवढे पुरे. हातात आराखड्याचे दोन कागद असले की बोलणे आपोआप कामाकडे वळते. पुढचे दोन महिने त्यांनी आपणहून फोन करू नये, ठरलेल्या दिवशी तुम्हीच त्यांना फोन कराल, अशी विनंतीही करून पाहा. समंजस माणूस ती मान्य करतो.

खर्चाचे असे करू. मुंबईला जाण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणते अंक मिळालेले नाहीत त्याची महिन्यांनुसार यादी इथे द्या. येथील करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे, तिथे जुन्या मासिकांच्या खंडांची चौकशी मी समक्ष जाऊन करतो.

कृष्णाकाठ (सांगली)

किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात आहे. यादी आली की सांगलीच्या वाचनालयांत आणि जुन्या वर्गणीदारांच्या घरी अंक आहेत का ते मी पाहतो. ज्या खंडांची मुखपृष्ठे शाबूत असतील त्यांची आधी छायाचित्रे पाठवतो. ताई, यादीत वर्ष आणि महिना यांबरोबर तुमच्याकडे अर्धवट असलेल्या अंकांचे पृष्ठांकही लिहा, म्हणजे तेवढीच पाने काढता येतील.